बिळातला बाप

अंडी घालणाऱ्या प्राण्यांत बापाचे नाव फारसे निघत नाही. कोंबडी अंड्यांवर बसते आणि कोंबडा उकिरड्यावर उभा राहून आरवतो. आपल्या नद्यांतला रोहू पावसाच्या लोंढ्यात लाखांनी अंडी सोडतो आणि मागे वळूनही पाहत नाही. परंतु घरातल्या काचेच्या पेटीत पाळता येईल असा एक मासा आहे, की ज्याच्या संसारात आई अंडी घालून निघून जाते आणि बाप अंधाऱ्या बिळात त्यांच्यावर पहारा करीत बसतो. पाणी सोडून त्याला चालायचे नाही, पण अन्न मात्र तो जवळजवळ सोडतो. या माशाला इंग्रजी नावाने ब्रिसलनोज प्लेको म्हणतात. ब्रिसलनोज म्हणजे नाकावर राठ केस असलेला. शास्त्रीय नाव अँसिस्ट्रस. अमरावती-अकोल्याच्या हवापाण्यात तो घरी कसा वाढवावा आणि त्याची पिले कशी निपजवावीत, हे आज सांगावयाचे आहे. शिवाय ही पिले हाती आल्यावर आपल्यावर कोणती जबाबदारी येते, तेही सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही.

हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा रहिवासी. त्याच्या कुळात हजाराच्या वर जाती आहेत. सर्वांची ठेवण एकच: अंगावर खवल्यांच्या ऐवजी हाडासारख्या कठीण पट्ट्यांचे चिलखत, आणि तोंड खालच्या बाजूला, वाटीसारखे. त्या तोंडाने तो दगडाला, लाकडाला किंवा काचेला चिकटतो आणि त्यावरचे शेवाळ खरवडून खातो. आपल्याकडचे दुकानदार या साऱ्या कुळाला सरसकट ‘सकर’ म्हणतात. दिसायला तो सुंदर नाही. शेजारी घरी येऊन म्हणतील, “हे कायले पाळता जी? ना खाच्या कामाचं, ना पाह्याच्या कामाचं!” त्यांना घटकाभर थांबवून घ्या आणि बिळातला नर दाखवा. पुढे काही बोलावे लागत नाही.

पहिली सावधगिरी खरेदीच्या वेळी घ्यावयाची. दुकानात ‘सकर’ म्हणून बोटाएवढा मासा मिळतो, तो पुष्कळदा ब्रिसलनोज नसतो. तो याच कुळातला मोठा भाऊबंद असतो, त्याचे नाव टेरिगोप्लिक्थिस. आज तो बोटाएवढा दिसतो, पण पुढे फूट-दीड फूट वाढतो. मग घरातली पेटी त्याला पुरत नाही आणि त्याचा मालक तळ्याकडे पाहू लागतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. पाठीवरचा पर उभारलेला असताना त्यातल्या काड्या मोजा. मोठ्या भाऊबंदाच्या परात मऊ काड्या साधारण दहा किंवा त्याहून अधिक असतात आणि पर शिडासारखा उंच दिसतो. ब्रिसलनोजच्या परात त्या सातच्या आसपास असतात. ब्रिसलनोज पूर्ण वाढला तरी चार-पाच इंचांपलीकडे जात नाही. वयात आलेल्या नराच्या नाकावर फांद्या फुटलेल्या मिशांसारखे मऊ अंकुर येतात, मादीला ते नसतात किंवा ओठाच्या कडेला अगदी आखूड असतात. म्हणून जोडी घेताना दोन-अडीच इंचांची, वर्षाच्या आसपासची घ्यावी. त्याआधी नर कोण आणि मादी कोण हे कळत नाही.

आता पेटीविषयी. अडीच फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी पेटी घेतली तर तीत सुमारे ७० लिटर पाणी मावते. एक नर आणि एक किंवा दोन माद्या यांना एवढी जागा पुरे. दोन नर मात्र एका लहान पेटीत ठेवू नयेत, एका बिळावरून त्यांची जुंपते. पेटी भरली की मासे त्याच दिवशी सोडण्याची घाई करू नये. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया निघतो आणि तो त्यांना विषासारखा बाधतो. गाळणीच्या स्पंजात काही जिवाणू हळूहळू वस्ती करतात आणि या अमोनियाचे रूपांतर आधी नायट्राइटात व मग नायट्रेटात करतात. ही वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. चालू पेटीतला जुना स्पंज कोणी दिला तर हे काम लवकर होते. तो स्पंज नळाखाली चोळून धुवू नये, नाहीतर जिवाणू धुऊन जातात. पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने पिळावा.

वऱ्हाडात खरा प्रश्न पाण्याचा आहे, आणि तो दोन तऱ्हांचा आहे. पहिला क्षारांचा. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, हे तुम्हांस ठाऊकच आहे. तिथल्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी थेट पेटीत घालणे धोक्याचे. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजण्याचे लहानसे यंत्र काही शे रुपयांत मिळते, त्याला टीडीएस मीटर म्हणतात. त्यावर तीनशे-चारशेपर्यंत आकडा आला तर ब्रिसलनोजची तक्रार नसते, हजाराच्या पुढे गेला तर मात्र ते पाणी वापरू नये. अकोला शहराला काटेपूर्णेच्या जलाशयाचे आणि अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचे पाणी मिळते. हे साठ्याचे पाणी खारपाणपट्ट्यातल्या विहिरीपेक्षा या कामाला केव्हाही बरे. त्यात क्लोरीन असते, पण ते उघड्या टाकीत एक दिवस ठेवले की बरेचसे उडून जाते. ज्यांच्या नळाला रोज पाणी येत नाही, त्यांना ते साठवावेच लागते. या एका बाबतीत ती गैरसोय पथ्यावर पडते. पावसाळ्यात स्वच्छ पत्र्यावरचे पाणी, पहिल्या दोन-तीन सरी सोडून, भरून ठेवले तर त्याच्याइतके गोडे पाणी दुसरे नाही. ते नळाच्या पाण्यात मिसळून वापरावे.

इथे एक बारकावा आहे. उन्हाळ्यात पेटीतले पाणी रोज थोडे आटते. आटते ते नुसते पाणी, क्षार मागेच राहतात. खारपाणपट्ट्यातल्या काळ्या जमिनीवर ऊन तापले की पांढरी खार वर फुटते, तोच प्रकार काचेच्या पेटीत घडतो. आटलेल्या पाण्याच्या जागी पुन्हा पुन्हा जड पाणी घातले तर महिन्या-दोन महिन्यांत पेटीतच खारपाणपट्टा तयार होतो. म्हणून आटलेली भर पावसाच्या किंवा शुद्ध केलेल्या पाण्याने करावी. शिवाय दर आठवड्याला पेटीतले चौथा हिस्सा पाणी काढून नवे घालावे. काढलेले पाणी मोरीत ओतू नका. त्यात झाडांना लागणारे नायट्रेट असते. तुळशीला, मोगऱ्याला आणि परसातल्या वांग्याला ते खतासारखे लागू पडते. पाण्याचा थेंब न् थेंब जपणाऱ्या मुलखात हा छंद करायचा तर त्याने पाणी वाया घालवता कामा नये.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. अकोला-अमरावतीला मे महिन्यात पारा ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, कधी त्याच्याही पुढे. ब्रिसलनोजला २४ ते २७ अंशांचे पाणी मानवते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांवर तो सातच्याही खाली येतो. तापलेल्या पाण्यात माशाची गरज मात्र वाढलेली असते. अशा वेळी हा मासा पृष्ठभागावर झेप घेऊन हवेचा घोट घेऊन जातो, कारण त्याच्या जठराला हवेतला प्राणवायूही थोडाफार शोषता येतो. पण असे घोट वारंवार दिसू लागले तर ती धोक्याची सूचना समजावी. उपाय आपल्या घरातलाच आहे. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने पेटीही गार होते. वरची काच काढून तिथे बारीक जाळी बसवावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून पंख्याचा वारा जाऊ द्यावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश सहज उतरते. पेटी पश्चिमेच्या भिंतीला लावू नये. वीज गेली तर हवेचा पंप बॅटरीवर चालेल अशी सोय असावी. हिवाळ्यात उलट काळजी घ्यावी लागते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पाणी फार उतरू नये म्हणून लहानसा हीटर लावावा.

पिले निपजवण्याचे मर्म मात्र बिळात आहे. नदीत हा मासा दगडांच्या कपारीत किंवा ओंडक्यांच्या पोकळीत घर करतो. पेटीत आपण ते घर द्यावयाचे. त्यासाठी विकतच्या शोभेच्या गुहेची गरज नाही. वऱ्हाडातल्या जुन्या घरांवर नळीची कौले असत आणि अजूनही पाडलेल्या घरांपाशी ती पडलेली दिसतात. त्यांतली दोन अरुंद कौले घ्यावीत, घासून धुवावीत, दोन-तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवावीत आणि तोंडाला तोंड लावून आडवी ठेवावीत. मागचे टोक सपाट दगडाने बंद करावे. झाले बीळ! लांबी नराच्या दीडपट असावी आणि रुंदी त्याने पर पसरले तर दोन्ही बाजूंना टेकतील एवढीच. फार ऐसपैस जागेत त्याला अंडी राखणे अवघड जाते. कुंभाराकडचे बिनरंगाचे बोळकेही आडवे ठेवून चालते, रंगवलेले मात्र नको. शेजारी कठीण लाकडाचा एक तुकडा असू द्यावा, तो खरवडण्याची या माशाला आवड असते. कडुनिंबाचे किंवा चीक असलेले लाकूड घालू नये.

आहार साधा आहे. काकडी, दोडका, दुधी यांच्या चकत्या किंवा पालकाची पाने किंचित उकडून, दगडाने दाबून तळाशी ठेवावीत आणि उरलेली दुसऱ्या दिवशी काढून टाकावीत. आठवड्यातून एक-दोनदा माशांचे तयार खाद्य द्यावे. भाजीवर फवारणी झालेली असण्याचा संभव असतो, म्हणून साल काढून, चांगली धुऊन मगच घालावी. त्याच खोलीत डासांची अगरबत्ती जाळू नये, कारण हवेचा पंप तो धूर ओढून थेट पाण्यात सोडतो.

आता अंड्यांचा हंगाम. आपला शेतकरी मृगाच्या सरींची वाट पाहतो. हा परमुलखातला मासाही पावसाचीच वाट पाहतो. नदीला नवे, गार आणि गोडे पाणी आले की पिलांसाठी अन्न वाढणार, ही खूणगाठ त्याच्या रक्तात आहे. म्हणून मे महिन्यात खटाटोप करू नये. पहिला पाऊस पडून हवा निवली की एका संध्याकाळी पेटीतले तिसरा हिस्सा पाणी काढावे आणि दोन-तीन अंश गार असे गोडे पाणी सावकाश सोडावे. हे दोन-तीन दिवसांआड करावे. मादी भरलेली असेल तर नर बिळात शिरून आतून ते स्वच्छ करू लागतो, दारात शेपटी हलवीत बसतो, आणि एका रात्री मादी आत जाते. सकाळी ती बाहेर आलेली असते, आणि बिळाच्या छताला किंवा भिंतीला केशरी मण्यांचा घोस चिकटलेला असतो. त्यात पन्नास ते शंभर अंडी असतात, कधी अधिकही.

यापुढे आईचे काम संपते आणि बापाचे सुरू होते. तो अंड्यांवर पंख्यासारखे पर हलवीत राहतो, त्यामुळे ताजे पाणी आत येते. खराब, पांढरे पडलेले अंडे तो तोंडाने काढून टाकतो, नाहीतर त्यावरची बुरशी साऱ्या घोसाला लागते. मादी जवळ आली तरी तिला हुसकावतो. चार-पाच दिवसांत अंडी फुटतात. पिलांच्या पोटाला पिवळ्या बलकाची पोटली असते, तीच त्यांची शिदोरी. ती संपायला आणखी पाच-सात दिवस लागतात, आणि तोवर बाप त्यांना दाराबाहेर जाऊ देत नाही. या दिवसांत तुमचे काम एकच: हात न लावणे. विजेरी घेऊन घडोघडी बिळात डोकावले, कौल उचलून पाहिले, तर बाप बिथरतो आणि अंडी बाहेर लोटतो. तसे झालेच तर अंडी बारीक जाळीच्या पिशवीत घेऊन हवेच्या बुडबुड्यांजवळ टांगावीत. बापाचे पर जे काम करतात तेच तिथे बुडबुडे करतात.

नाकावरच्या त्या मिशांचे प्रयोजन काय, असे तुम्ही विचाराल. १९९९ साली सबाज, आर्मब्रुस्टर आणि पेज या तीन मत्स्यशास्त्रज्ञांनी एक तर्क मांडला. मादी अशा नराकडे ओढली जाते, की ज्याच्या बिळात आधीच पिले आहेत, कारण तो राखणदार म्हणून पारखलेला असतो. नाकावरचे वळवळणारे अंकुर पिलांसारखे दिसतात. म्हणजे ज्याला अजून पिले नाहीत, त्यालाही आपण अनुभवी बाप असल्याचे मादीला भासवता येते! हा तर्कच आहे, पण मोठा मनोरंजक आहे.

पिले बाहेर पडली की काचेवर नखाएवढे काळे ठिपके दिसू लागतात. त्यांना दिवसातून दोन-तीनदा थोडे थोडे खाणे आणि वारंवार थोडे नवे पाणी लागते. बहुतेक पिले मरतात ती उपासाने आणि घाण पाण्याने. ही दोन पथ्ये सांभाळलीत तर एका वेतातली बरीचशी पिले जगतात.

आणि इथेच खरी अडचण उभी राहते. एका जोडीची वर्षातून चार वेते झाली आणि दर वेताला साठ पिले जगली, तर वर्षाअखेर दोनशे चाळीस मासे होतात. ७० लिटरच्या पेटीत ते राहणार कुठे? काही दुकानदार घेतील, काही मित्रांना देता येतील. शोभिवंत माशांची पैदास हा जोडधंदाही होऊ शकतो. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरामागच्या अशा लहान उद्योगाला स्थान मिळाले, आणि शास्त्रीय माहितीसाठी नागपूरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. पण ज्याला धंदा करावयाचा नाही, त्याने काय करावे? कौले काढून ठेवावीत. बीळ नाही तर अंडी नाहीत. पाळणा थांबवण्याचा इतका सोपा उपाय दुसऱ्या कुठल्या संसारात नसेल.

परंतु पुष्कळ लोक दुसराच उपाय करतात. एका संध्याकाळी पिशवीत मासे घेतात आणि वडाळीच्या किंवा छत्री तलावात, मोर्णेच्या पुलावरून, नाहीतर जवळच्या धरणात सोडून येतात. जीव सोडला, पुण्य लागले, असे त्यांना मनापासून वाटते. हे पुण्य नव्हे. का, ते सांगतो.

दुकानात ‘सकर’ म्हणून मिळणाऱ्या त्या मोठ्या भाऊबंदाचा, टेरिगोप्लिक्थिसचा, बापही असाच बिळात बसतो. फरक एवढाच, की त्याचे बीळ नदीच्या काठात असते. तो मातीचा काठ पोखरून सुमारे तीन फुटांपर्यंत आत जातो. एक बीळ झाले तर काय बिघडले? पण शेकडो नर शेजारी शेजारी पोखरू लागले की काठ ढासळतो आणि पाणी गढूळ होते. जे पितृत्व काचेच्या पेटीत आपण कौतुकाने पाहतो, त्याचीच ही करणी. अंडी इतकी जपली जातात, म्हणूनच तो इतक्या झपाट्याने वाढतो. अंगावर चिलखत असल्याने आपल्याकडचे मासे त्याला सहसा गिळत नाहीत. ओलावा असेल तर पाण्याबाहेरही तो कित्येक तास तग धरतो. परांवरच्या काट्यांनी कोळ्यांची जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला भाव नाही.

ही दूरची भीती नाही. मेक्सिकोतल्या इन्फियेर्नियो जलाशयात याच कुळातल्या माशांनी जाळी भरू लागली आणि तिथल्या कोळ्यांचा धंदा बुडाला. आपल्या देशात पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत, केरळात आणि आंध्रच्या मत्स्यतळ्यांत तो आढळला आहे. २०२० साली वाराणसीला गंगेत तो सापडला. महाराष्ट्रात उजनीच्या जलाशयातूनही त्याच्या बातम्या आल्या. हे मासे दक्षिण अमेरिकेतून पोहत आले नाहीत. घरातल्या पेट्यांतून आणि पैदाशीच्या तळ्यांतूनच ते सुटले आहेत.

आपला मुलूख कसा आहे ते पाहा. अकोल्यातून मोर्णा वाहते ती पूर्णेला मिळते, अमरावतीकडची पेढीही पूर्णेलाच मिळते, आणि पूर्णा तापीत जाते. अप्पर वर्ध्याचे पाणी मात्र गोदावरीच्या खोऱ्यातले. म्हणजे एका जिल्ह्यात सोडलेला मासा दोन मोठ्या खोऱ्यांपैकी कुठल्याही एकाची वाट धरू शकतो. या पाण्यांवर भोई बांधवांची कुटुंबे जगतात. त्यांची जाळी मरळीने आणि रोहूने भरायची की काट्यांनी फाटायची, हे पुष्कळदा आपल्या दिवाणखान्यातल्या एका पेटीवर ठरते. ब्रिसलनोज लहान आहे, म्हणून त्याला सोडले तर चालेल, असेही समजू नका. परक्या पाण्यात कोणता जीव कसा वागेल, हे सोडल्यावरच कळते, आणि मग त्याला परत गोळा करता येत नाही.

याच कुळातली दुसरी एक कथा सांगून संपवतो. ब्राझीलमध्ये शिंगू नदीच्या एका टापूत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, जेमतेम तीन इंचांचा झेब्रा प्लेको राहतो. १९९१ साली त्याला शास्त्रीय नाव मिळाले. तोही बिळातच अंडी राखतो, पण एका वेळी दहा-वीसच. त्याच्या त्याच टापूवर बेलो मोंते धरणाची योजना झाली, २०१६ पासून तिथली वीज सुरू झाली आणि नदीचा प्रवाह वळला. ब्राझीलने त्याच्या निर्यातीला बंदी केली आहे. आज जगभरच्या छांदिष्टांनी घरच्या पेट्यांत त्याची पिले वाढवली आहेत. एक भाऊ परक्या नद्यांत सैराट वाढतो आहे, दुसरा स्वतःच्या नदीत नाहीसा होत चालला आहे, आणि दोन्हींच्या मागे माणसाचाच हात आहे.

तेव्हा हा छंद अवश्य करा. मुलांना तो बिळातला बाप दाखवा. त्यांना पाण्याची, उन्हाची आणि संयमाची जी शिकवण मिळेल, ती पुस्तकातून मिळणार नाही. विकत घेताना पराच्या काड्या मोजा. पाणी काढाल ते झाडांना घाला. पिले जास्त झाली तर कौले काढा, दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या छांदिष्टाला द्या. आणि तुमच्या पेटीतला एकही मासा, मोठा असो की लहान, कुठल्याही तळ्यात, नाल्यात किंवा नदीत सोडू नका. त्याचे बीळ तुमच्या घरातच असू द्या.